भायेर जाताना पानी पिवाचा नाय

आये, गेल्या आठवड्यात परेडवर मी अशी फिसकन हसले की पोरींना वाटलं, मॅडमचं डोकं फिरलं. माझ्या हाताखालच्या शिपाई मुलींची पाठीवर ओझं घेऊन धावायची टेस्ट होती. त्यातली एक चांगली दणकट पोर अर्ध्या वाटेत मटकन खाली बसली. बाटली बघते तर काठोकाठ भरलेली! विचारलं, तर मान खाली घालून म्हणते, "मॅडम, मम्मी बोलती है, बाहर पानी मत पीना." अगं, पोर हरयाणाची, आणि तिच्या तोंडून चक्क तू बोलतेस!

तळवलीचं आपलं स्वयंपाकघर आठवतंय. तू मासळीची पाटी घेऊन तुर्भ्याच्या बाजाराला निघायचीस, त्याआधी चहाचे दोन घोट आणि दाढेखाली एक लवंग. बस्स. दुपारी घरी येईपर्यंत पाण्याचा थेंब नाही, कारण बाजारात बायकांना जायला जागाच नव्हती. शाळेत जाताना मलाही दटावायचीस, "बाय, भायेर जाताना पानी पिवाचा नाय. मंग जाशील कुठं?" तुला त्याचं दुःखबिख काही नव्हतं, उलट ऐटच होती. पुढे मूतखडा झाला, तर त्यालाही चार शिव्या हासडून तू बाजाराला जातच राहिलीस.

त्याच सवयीने माझी नोकरी सुरू व्हायच्या आधीच जाणार होती. ट्रेनिंगमधल्या पहिल्या लांब मार्चला मी अशीच कोरडी निघाले आणि धाडकन पडले. डोळे उघडले तर आम्हाला कवायत शिकवणारे उस्ताद समोर. "पानी क्यों नहीं पिया?" मी गुंगीतच खणखणीत मराठीत ओरडले, "आईने सांगितलंय!" सगळ्या जणी खदाखदा हसल्या. पुन्हा नापास झालीस तर घरी पाठवू, असं उस्तादांनी बजावलं तेव्हा मात्र माझी तंतरली. दुसऱ्या खेपेला मी घटाघटा पाणी प्यायले. वाटेत दोघी मैत्रिणींनी माझ्याभोवती रेनकोट धरले, तिसरी पहाऱ्याला उभी. एवढा थाट राणीचाही नसेल! आणि वेळेच्या आत पोचले.

आता टेस्टच्या वाटेवर मी मुलींसाठी आडोशाचा तंबू ठोकून घेतलाय. सध्या सुट्टीवर खारघरच्या घरी आहे. आज सकाळी त्या पोरीचा फोन आला, "मॅडम, पास हो गई! लेकिन मम्मी को नहीं बताऊँगी कि पानी पिया." मी आधी हसले, मग हसू येईना. म्हटलं, "अभी के अभी फोन लगा. सच बता. और उनको भी बोल, पानी पियो."

त्या मूतखड्याने तुला नेलं, तिथला पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे वहीतच राहणार. त्या मार्चला मी पास झाल्याचं तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू आधी रडलीस, आणि मग विचारलंस, "पानी नाय ना पिलीस?" मी म्हटलं, "नाय गं आये, घोटभर पन नाय." किती खूश झालीस! आये, मी खोटं बोलले. तुझी ऐट मोडवेना मला. खरं सांगितलं असतं, तर तूही कदाचित प्यायली असतीस.