चौथा हात

बर्कथॉर्प,
मंगळवार, २४ सप्टेंबर

प्रिय हेदर,

तुला, जावईबापूंना आणि पोरांना माझे आशीर्वाद. पत्र मिळालं, फोटोही मिळाले. धाकट्याचं नाक आपल्याकडचं आलंय, त्याला बिचाऱ्याला काही इलाज नाही. मी ठीक आहे. गुडघा चढावर कुरकुरतो आणि उतारावर शिव्या देतो, पण चालतो. मळ्यात या वर्षी कांदे झकास आलेत. रविवारी तुझ्या आईकडे जाऊन आलो. दगडाभोवतीचं गवत कापलं, थोडा वेळ बसलो. पाऊस नव्हता.

तू विचारलं आहेस की क्रेग फोन का उचलत नाही, आणि बाप क्लबाच्या मंडळावर बसलेला असताना पोराला प्रशिक्षकपदावरून काढतात कसे. दुसऱ्या प्रश्नाखाली तू रेघ मारली आहेस. पाहिली मी. सांगतो. पण आधी रग्बीच्या हंगामाचं सांगू दे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

हंगाम वाईट गेला. तिकडे न्यूझीलंडमध्ये तुला निकाल कळत असतील, पण निकाल वाचणं वेगळं आणि दर रविवारी मैदानाच्या पायऱ्यांवर उभं राहून भिजणं वेगळं. फेब्रुवारीत पहिला सामना जिंकलो, तेव्हा आपले रोव्हर्स या वर्षी सगळ्यांना धूळ चारणार म्हणून पायऱ्यांवरच्या माझ्या शेजाऱ्यानं, स्टॅननं, कारखान्यात पैजा लावल्या. पुढच्याच आठवड्यात कर्णधाराचा गुडघा गेला. मग एकाचा खांदा, एकाची मांडी. ईस्टरपर्यंत क्रेगकडे तेरा धडधाकट माणसं जमवायची मारामार. स्टॅन म्हणायचा, "आमची आजी यांच्यापेक्षा जोरात टॅकल करायची रे, आणि तिला संधिवात होता." आधी आम्ही हसायचो. जूनपासून हसणंही बंद झालं. हरलो की लोक गुपचूप घरी जायचे, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट असतं.

मग ओरडायलाही लागले. "हॉइल, घरी जा! हॉइल, घरी जा!" पायऱ्यांवरची सगळी शेड एका सुरात. मी त्यांच्या मधोमध उभा. स्टॅन माझ्या कानात म्हणाला, "तुला नाही म्हणत रे ते, नॉर्मन."

"मला कळतं, मला नाही म्हणत."

"गेलास तरी चालेल म्हणा. चहा आणायची पाळी तुझीच आहे."

मी चहा आणायला गेलो. टपरीवरच्या ब्रेंडानं पैसे घेतले नाहीत. चाळीस वर्षांत त्या बाईनं कुणाला एक कप फुकट दिला नसेल. ती दया दाखवत होती, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

क्रेगचं म्हणशील तर तो खंगत चालला होता. सूनबाई रूथ सांगायची, घरासमोर येऊन गाडीतच बसून राहतो, आत येत नाही. मुलांनी काही विचारलं तर "हं" म्हणतो. कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. खेळायचा तेव्हा त्याची मान किती जाड होती, आठवतं ना? तुझी आई म्हणायची, याला शर्ट नाही, तंबू शिवायला हवा.

आता शेजारच्या डेंटलीचा सामना. ऑगस्टअखेर, त्यांच्या मैदानावर. तिथे हरलो की खालच्या विभागात जाणं जवळजवळ ठरलेलं, आणि हरायचं ते डेंटलीकडून! आमची पोरं त्या दिवशी जीव तोडून खेळली. शेवटची काही मिनिटं उरली होती आणि आम्ही पुढे होतो. आपल्या पुढच्या फळीत माका म्हणून टोंगाचा गडी आहे, दारात उभा राहिला तर उजेड अडतो. डेंटलीवाले त्याच्यावर आपटून आपटून परत जात होते. आणि क्रेगनं त्याला बाहेर काढलं. ठणठणीत उभ्या माणसाला बोलावून घेतलं आणि त्याच्या जागी एक काडीपैलवान पाठवला. पुढच्याच चढाईत डेंटलीनं नेमकी तिथून वाट काढली, ट्राय झाला, ते गुणांत पुढे गेले आणि भोंगा वाजला. संपलं.

स्टॅननं टोपी डोळ्यांवर ओढली. मीच बोललो. म्हटलं, "याला काही अक्कल आहे का?" माझ्याच पोराबद्दल, चारचौघांत. नंतर वार्ताहरानं विचारलं तर क्रेग म्हणे, "माझा निर्णय होता." बस, एवढंच. परतीच्या बसमध्ये मी डोळे मिटून बसलो होतो, झोपलो नव्हतो.

त्यानंतरच्या मंगळवारी मंडळाची बैठक झाली. आम्ही सात जण. डग्लस मेलर अध्यक्ष, टायरच्या दुकानवाला. बाकीचे क्लबात पैसे घातलेले लोक. मी एकटा पायऱ्यांवरचा. दर वर्षी शेवटच्या सामन्याला शेडमध्ये हात वर करून माणूस निवडतात, आणि गेली नऊ वर्षं तो मीच आहे. डग्लसनं मला आधीच बाजूला घेतलं. म्हणाला, "नॉर्मन, मतं मोजायच्या वेळी तू बाहेर जाऊन चहा पी. बाप आहेस. कोणी बोट दाखवणार नाही."

हेदर, मला नुसतं उठून जायचं होतं. दार हातभर अंतरावर होतं. पण तुला ठाऊक आहे आम्ही खाणीतले लोक कसे आहोत ते. संपाच्या वर्षी युनियनच्या खोलीत ज्यांनी हात वर केला त्यांच्याशी आमचं पटलं, नाही केला त्यांच्याशी भांडलो, पण मत द्यायच्या वेळी जो लघवीच्या निमित्तानं बाहेर गेला, त्याच्याशी या गावात अजून कोणी बोलत नाही. तसा बाहेर गेलेला रॉनी टिंगल मेला, तर त्याच्या अंत्ययात्रेला कुत्रंसुद्धा गेलं नाही. मी म्हटलं, "डग्लस, मला शेडनं पाठवलंय. मी बसणार."

"बघ बाबा," डग्लस म्हणाला.

मग त्यानं विचारलं, काढायच्या बाजूनं कोण? तीन हात वर झाले. आणि चौथा माझा.

लिहिलं एकदाचं. हे लिहायला मला तीन दिवस लागले. आधीचे कागद शेगडीत गेले, त्यात कांद्यांबद्दलच बरंच होतं.

डग्लसनं स्वतः ठेवायच्या बाजूनं हात वर केला होता. मी बाहेर गेलो असतो तर तीन-तीन झाले असते, आणि बरोबरी झाली की अध्यक्षाचा शब्द चालतो. म्हणजे क्रेग राहिला असता. मी चहा प्यायला गेलो असतो तर तुझा भाऊ आज कामावर असता.

लोकांना सांगायला माझ्याकडे छान कारण आहे. पोरगं मरत चाललं होतं, त्याला त्यातून सोडवलं. रूथचं सांगेन, गाडीचं सांगेन, कॉलरचं सांगेन. सगळं खरं आहे. पण हात वर गेला तेव्हा यातलं काही माझ्या मनात नव्हतं, हेदर. मनात फक्त माका होता, बाकावर टॉवेल घेऊन बसलेला. मला राग आला होता. पायऱ्यांवरच्या कुठल्याही माणसाला येतो तसा. बाप म्हणून मी त्या खोलीत नव्हतोच. आणि नंतर काय वाटलं म्हणशील, तर काहीच नाही. कोट घातला, घरी आलो, अंडं उकडून खाल्लं. अजूनही काही वाटत नाही. दाढ काढल्यावर गाल बधिर होतो ना, तसं आहे. भूल उतरायची वाट बघतोय.

मंडळातलं मंडळातच राहतं. पेपरात चार विरुद्ध तीन एवढंच आलं. क्रेग पुढच्या रविवारी रूथला घेऊन जेवायला आला. मी रोस्ट केलं होतं. त्यानं ताटात बटाटे वाढून घेतले आणि खाली बघूनच म्हणाला, "बाबा, तुम्हाला तिथे बसून ते सगळं बघावं लागलं, त्याचं मला वाईट वाटतं."

मी ग्रेव्ही पुढे केली.

"आणि माझ्यासाठी राजीनामा वगैरे देऊ नका. तिथे आपला एक तरी माणूस असू दे."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. विचारलं काय, तर माकाला का काढलंस! अजून तेच डोक्यात.

क्रेगनं रूथकडे पाहिलं. ती म्हणाली, "सांग की. बाबाच आहेत." मग तो म्हणाला, "कुठे बोलू नका, बाबा. आदल्या टॅकलला त्याच्या डोक्याला मार बसला होता. उठून उभा राहिला, म्हणून कुणाला कळलं नाही. माझ्याकडे बघून विचारतो, 'कोच, आपण कुठल्या गावात आहोत?' डॉक्टर म्हणाले, बाहेर काढ. त्याचा करार संपतोय. डोक्याचं नाव निघालं की कुठलाच क्लब दारात उभं करत नाही, आणि घरी चार पोरं आहेत. म्हणून म्हटलं, माझा निर्णय होता. पोटरी धरली असं लिहून ठेवलं, म्हणजे मी नसलो तरी बाकीचे सामने त्याला बसवतील."

"बरं केलंस," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मी उठून पुडिंग आणायला गेलो आणि स्वयंपाकघरात ओव्हनचं दार उघडं टाकून उभा राहिलो. रूथ आत आली, म्हणाली, "गार होतंय सगळं." दार तिनंच लावलं.

तरीही सांगता आलं असतं. पण अजून एक व्हायचं होतं. गेल्या शनिवारी क्लबाचं हंगामअखेरचं जेवण झालं. आम्ही खालच्या विभागात गेलो आहोत, तरी जेवण चुकत नाही. आणि काढलेल्या प्रशिक्षकालाही बोलवतात, वर्षातल्या उत्तम खेळाडूचं बक्षीस त्याच्याच हातून देतात. ही आपल्याकडची रीत, तुला माहीत आहे. डेंटलीत असलं काही नसतं. क्रेग आला. केस कापलेले, नवा शर्ट. बक्षीस माकाला दिलं. माकानं त्याला असं कवटाळलं की टाळ्या थांबेचनात. हंगामभर शिव्या घालणारी तीच माणसं. मग क्रेगनं माइक हातात घेतला.

म्हणाला, "मी फार बोलत नाही. हरलो, त्याला जबाबदार मी. ज्यांनी मला काढलं त्यांच्यावर माझा राग नाही. पण माझ्या बाजूनं तीन हात वर झाले. त्यातले दोन कुणाचे ते मला ठाऊक नाही. तिसरा कुणाचा ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे. बाबा, उठा."

सगळी खोली उठली, हेदर. ब्रेंडा डोळे पुसत होती. स्टॅन माझ्या पाठीत बुक्के मारत म्हणाला, "ऊठ की, गाढवा, तुझ्यासाठी चाललंय!" मंडळाच्या टेबलावरचे सहाही जण उठून टाळ्या वाजवत होते. त्या सहांना ठाऊक होतं. डग्लस माझ्याकडे बघत नव्हता, समोरच्या वाटाण्यांकडे बघत टाळ्या वाजवत होता. मी उठलो. काय करणार? उठलो आणि मान डोलावली. क्रेग तिकडून हसला. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा हसताना पाहिला मी त्याला.

जेवण झाल्यावर डग्लस कोट घालता घालता म्हणाला, "आमच्या सहांच्या तोंडून कधी काही जायचं नाही, नॉर्मन." त्याला वाटलं, मला बरं वाटेल.

म्हणजे मी मरेपर्यंत गप्प राहू शकतो. क्रेग आयुष्यभर समजेल की एक माणूस आपल्या बाजूनं होता. त्यात कुणाचं काय बिघडतं? शनिवारपासून मी हेच घोकतोय. पण तो मला आता रोज फोन करतो. कारण नसताना. काल विचारत होता, कांदे कसे आलेत? क्रेग! कांदे! लहानपणापासून त्याला कांद्याचं वावडं. तो प्रेमानं बोलतो आणि मी ऐकतो, आणि ते प्रेम त्या तिसऱ्या हातासाठी आहे. तो हात माझा नाही. दुसऱ्याच्या नावाची पगाराची पाकिटं उचलल्यासारखं होतं.

येत्या रविवारी ते दोघं पुन्हा जेवायला येणार आहेत. पोरांना रूथच्या आईकडे ठेवून या म्हणून सांगितलंय. वाढायच्या आधी सांगणार आहे, मग जेवायचं की नाही ते तो ठरवेल. त्यानं मारलं तरी चालेल. मारणार नाही, त्याचीच जास्त भीती वाटते. तो फक्त गाडीत जाऊन बसेल.

हे पत्र उद्या टाकतो. म्हणजे तुला मिळेल तोवर रविवार उलटून गेलेला असेल आणि मला माघार घेता येणार नाही. त्याचा फोन आला तर ऐकून घे. माझी बाजू मांडू नकोस. बाबांचं वय झालं, बाबांना तसं करायचं नव्हतं, असलं काही नको. मला तसंच करायचं होतं. आणि त्याचा फोन नाही आला, तर तूच कर, तो उचलेपर्यंत करत राहा. तिथे रात्र असली तरी कर. माझ्याकडे लगेच लिहिलं नाहीस तरी चालेल.

पोरांना पापा. धाकट्याला सांग, नाकाबद्दल आजोबांनी माफी मागितली आहे.

तुझा, आणि रविवारपर्यंत क्रेगचाही,
बाबा