मीटरला पांढरं कळत नाही

३ तारीख, सोमवार

फ्लॅश बंद! वन्संनी फर्मानच काढलं. त्यांच्या पांढऱ्या भांड्यांची झिलई अशी चकाकते, की फ्लॅश मारला की प्रत्येकाच्या पोटावर भगभगीत ठिपका. सहा भांड्यांचे सहा फोटो प्रदर्शनवाल्यांना चौदा तारखेपर्यंत पाठवायचेत. काढणार मी! कॅमेरा नवऱ्याचा आणि दिवसा घरी मी असते, एवढीच माझी पात्रता.

आधी दोनदा नकार आलाय. “या खेपेला नाही झालं तर भट्टी विकून टाकते,” म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण मी नाही हसले. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्या नखांत माती बघतेय. माती नसलेल्या वन्सं मला नकोत.

५, बुधवार

सकाळी दहाला गॅलरीत लख्ख उजेड. पातळ पडदा ओढला. आयएसओ शंभर, ॲपर्चर आठ. शटरचं मीटरवर सोपवलं — त्याने २५० सांगितलं, म्हणजे सेकंदाचा अडीचशेवा भाग. आणि फोटोत सगळी भांडी मळकट राखाडी! फरशी पुसलेल्या पाण्यासारखी. एवढ्या उजेडात? वन्संना दाखवलेच नाहीत.

६, गुरुवार

मीटर बिघडलं म्हणून कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो पोट धरून हसला. “बिघडलं नाही हो ताई! समोर नुसतं पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला. मग ते अंधार करतं. तुम्ही शटर हळू करा, साठवर आणा.”

नवऱ्याला सांगितलं. “कॅमेरा तुझ्यापेक्षा हुशार आहे,” म्हणे. पांढरं ओळखण्यात नाही!

७, शुक्रवार

ढग. कॅमेरा कपाटात, मी वैतागलेली.

९, रविवार

शटर साठ — जमलं! भांडी दुधासारखी पांढरी, काठाखालची नाजूक सावलीसुद्धा उमटली. मी गॅलरीत चक्क नाचले. वन्सं चष्मा पुसून पुसून बघत होत्या. “अगं, ही मी केली?” म्हणाल्या आणि रडल्या. मग मीही रडले. नवरा दारातून दोघींकडे बघून चहा टाकायला गेला.

१४, शुक्रवार

आजच इंटरनेट गेलं! पेन ड्राइव्ह घेऊन शेजारणीकडे धावले. मुदतीला पाच मिनिटं उरलेली. ‘भांडी’ आणि ‘भांडी नवी’ अशी दोन फोल्डरं, शेजारण कानाशी “घाई करू नकोस, घाई करू नकोस” म्हणतेय! पाठवले एकदाचे. सुटले.

२९, शनिवार

निवड झाली! वन्संनी पत्र मोठ्याने वाचलं आणि शेवटी अडखळल्या. “आपल्या धुरकट राखाडी झिलईने आम्हाला भुरळ घातली. हीच सहा भांडी एकवीस दिवसांत पाठवावीत.”

मी जुने फोटो पाठवले होते. घरात राखाडी भांडं एकही नाही. वन्संनी पत्र घडी करून ठेवलं. मग बाह्या सरसावून चाकापाशी बसल्या.

“उभी काय राहिलीस? तो फोटो आण इकडे. रंग तरी नीट बघू दे मला.”