नळाचं दव

सोलापूर,
१४ जुलै

चि. सौ. प्रियंकास,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला होता. उत्तर दिलं नाही म्हणून रुसली असशील. अकलूजला पाऊस झाला का? इकडे नुसते ढग येतात आणि तोंड दाखवून जातात.

दिग्विजयरावांची साखर वाढलेली निघाली हे वाचून जीव हलला. पण पस्तिशीतच कळलं हे बरं झालं. आत्ताच हातपाय हलवले, ताटात लक्ष घातलं तर पुढचं आवरता येतं. "दाजींची दिनचर्या सविस्तर कळव, आम्हीपण तशीच करू," असं तू लिहिलंस. कळवते. तुझ्या दाजींची दिनचर्या माझ्याएवढी कुणाला पाठ असणार?

दाजी पहाटे उठतात. त्याआधी मी उठते. भिजवलेले बदाम सोलून वाटीत ठेवायचे, मेथीचं पाणी गाळून तांब्यात ओतायचं, नेतीच्या भांड्यात कोमट मिठाचं पाणी करायचं. जरा जास्त गरम झालं तर नाक पोळतं आणि मग दिवसभर अबोला. एका नाकपुडीतून पाणी घालून दुसरीतून काढायचं, सोबत जे निघेल ते बेसिनमध्ये. बेसिन कोण धुतं हे ते आपल्या योगाच्या वर्गात सांगत नाहीत. शनिवारी वमन. पोटभर मिठाचं पाणी प्यायचं, घशात बोटं घालायची आणि मोरीत ओकायचं. पोट साफ होतं म्हणतात, होतही असेल. शेजाऱ्यांना त्या आवाजावरून शनिवार उजाडलेला कळतो. मोरी मी धुते, पदर नाकाला लावून. इतकी वर्षं झाली, मला त्याची सवय झालेली नाही. त्याच हातांनी पुढं कारल्याचा रस काढायचा आणि पांढऱ्या झब्ब्याला इस्त्री करायची.

मग गवत. अंगणातला तो हिरवा तुकडा तू पाहिला आहेस. दवावर अनवाणी चाललं की डोळ्यांचं तेज वाढतं, असं ह्यांनी कुठंतरी वाचलं. सोलापुरात कुठलं दव गं? इथं वैशाखात पहाटेसुद्धा फरशी कोमट लागते. म्हणून वर्गातली माणसं यायच्या आधी मी अंधारात झारीनं गवत भिजवायचे. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आंघोळ एका बादलीत उरकायची, आणि गवताला मात्र रोज दव. लोक म्हणायचे, "गुरुजी, तुमच्या अंगणात काय गारवा हाय की." हे डोळे मिटून हसायचे. त्या हसण्याची मला शिसारी यायची.

घरात चप्पल घालायची नाही हाही नियमच. अंगणातही नाही. पायाचा मातीशी संबंध तुटू नये म्हणून. मे महिन्यात त्या गवतात पायाखाली सराटा आला. टोचलाच नाही मला. संध्याकाळी फरशीवर रक्ताचे डाग दिसले, तेव्हा मी ते पुसत पुसत कुणाचं रक्त म्हणून शोधत होते. माझंच निघालं.

तुला वाटेल, सराटा टोचून कळत कसा नाही? गेल्या वर्षी तळव्यांना मुंग्या यायच्या. पुढं मुंग्याही गेल्या. ह्यांना सांगितलं होतं. "गहू बंद कर," म्हणाले. बंद केला. तहान फार लागायची, ती मी उन्हाच्या नावावर टाकली. ह्यांचं रक्त मात्र दर दोन-तीन महिन्यांनी तपासायला जातं. रिपोर्ट वर्गात मोठ्यांदा वाचतात आणि लोक टाळ्या वाजवतात. माझं रक्त तपासावं असं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

एकदा वर्गातल्या बाळासोंनी विचारलं होतं. ते एसटीत कंडक्टर होते, सरळ माणूस. "गुरुजी, वैनी का बसत न्हाईत आसनाला?"

"तिला कशाला व्यायाम?" हे म्हणाले. "दिवसभर कामातच असती की ती."

सगळे हसले. मी काढ्याचे पेले घेऊन उभी होते, मीही हसले. प्रियंका, ह्या वर्गाचा काढा मी नऊ वर्षं उकळला, पण मला एकही आसन येत नाही.

आता गुरुपौर्णिमेचं सांगते. खरं तर सांगायचं तेच आहे, मी उगीच बदाम सोलत बसले.

वर्गातली माणसं त्या दिवशी आमची पाद्यपूजा करतात. गुरुजी आणि गुरुमाता पाटावर बसतात, पुढं परात असते, पायांवर दूध आणि पाणी घालतात, तेच तीर्थ म्हणून घेतात. मला हे पहिल्यापासून नको वाटायचं. ह्या वर्षी तर पायाला पट्टी होती. हे सकाळी म्हणाले, "पट्टी काढ. लोक पाया पडणारैत. आपल्या घरात औषधाची गोळी शिरलेली न्हाय आन् तू पट्टी दावत बसतीस व्हय?" मी पट्टी काढली, वर हळद चोपडली. हळदीची पावलं लोकांना शुभच वाटतात.

माझ्या पायाशी सुंदरम्मा बसली होती, आपल्या पलीकडच्या गल्लीतली. दूध ओतून ती बोटं पुसायला लागली आणि थांबली.

"वैनी, वास येलालाय की," ती हळूच म्हणाली. मग अंगठा उचलून खालून पाहिलं. परातीतलं दूध पिवळं झालं होतं, त्यात लाल तार धरली होती. तोवर बाळासोंनी ओंजळ पुढं करून त्यातलंच तीर्थ घेतलंही होतं. त्यांच्या मिशीला लागलेला थेंब मला अजून दिसतो. जेवताना दिसला की घास खाली उतरत नाही.

ह्यांनी काय केलं सांगू? खांद्यावरचा पंचा माझ्या पायावर टाकला आणि म्हणाले, "किरकोळ काटा हाय. चालू द्या." पुढचा माणूस पाया पडायला वाकलाही.

सुंदरम्मानं पंचा काढला. "उठा," म्हणाली, आणि मला ओल्या पायानंच रिक्षात घातलं.

सात रस्ता चौकाजवळच्या एका दवाखान्यात मी आहे, त्याच दिवसापासून. खाटेवर उशी मांडीला लावून हे लिहितेय. साखरेचा आकडा सांगत नाही, तू घाबरशील. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "याआधी कधी तपासली होती?" मी म्हटलं, कधीच नाही. तीन वेळा वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं त्यांनी, विश्वास बसेना म्हणून.

हे येतात, वर्ग संपल्यावर, तोंडाला मास्क लावून. मी तुझ्याकडे अकलूजला आलेय असं ह्यांनी सगळ्यांना सांगितलंय. सुंदरम्मा आणि बाळासोंनाही गप्प राहायला सांगितलंय, वर्ग मोडेल म्हणून. काल आले तेव्हा झब्बा चुरगळलेला होता. पायाकडं पाहिलं नाही. विचारलं, "इस्त्री कुटं ठेवतीस?"

जखम धुताना मला किळस आली नव्हती. त्या प्रश्नानं आली. उलटी झाली, अगदी शनिवारसारखी, आणि या वेळी मोरी मला धुवायची नव्हती हेच बरं वाटलं.

आसनं वाईट नाहीत गं. बाळासोंचा गुडघा त्यानंच सुटला, माझ्या डोळ्यांदेखत. दिग्विजयरावांना जरूर करू दे. पण तूही शेजारी चटई टाक. त्यांचे बदाम त्यांना सोलू दे. पायात चप्पल घाल, आणि रोज रात्री तळवे आरशात बघ. वर्गातल्या कुणाचा फोन आला तर आक्का इथं आलेली नाही म्हणून सांग. कुठं आहे तेही सांग.

आईच्या पायाची बोटं आठवतात? शेतातल्या पाण्यानं कुजली म्हणायचो आपण. पाण्यानं नव्हती कुजली, हे आता मला कळलं. तुझ्यात आणि माझ्यात तेच रक्त आहे.

फोनवर मी हे बोलू शकले नसते. फोन कानाला लावला की "बरी आहे" एवढंच तोंडातून निघतं. म्हणून सुंदरम्मा ह्या पानांचे फोटो काढून तुला आजच पाठवेल.

उद्या सकाळी माझा अंगठा काढणार आहेत. रात्रीपासून काही खायचं नाही म्हणून सांगितलंय. तूही आज रात्री जेवलीस की नंतर काही खाऊ नकोस, आणि उद्या सकाळी चहासुद्धा न घेता आधी रक्त देऊन ये. दिग्विजयरावांचं झालंय, तुझं दे. दोघी बहिणी एकाच वेळी उपाशी असू.

रिपोर्ट आला की मला कळव. ह्यांना नको, मला.

तुझी,
अकलूजला न आलेली
आक्का