हिरडीतलं रक्त आणि पोटातली आग

माय, माझं पोट बरं झालं. हे आधी तुलाच सांगावंसं वाटलं, कारण माझ्या पोटाची माझ्याइतकी काळजी फक्त तू करायचीस.

छातीच्या खाली आग आग व्हायची. चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं, पोटात जंतू आहेत म्हणाल्या, गोळ्या दिल्या. बरं वाटलं. काही महिन्यांनी आग परत आली आणि मी मनाशी ठरवूनच टाकलं, हा मोठा आजार, आता सुटका नाही. बिनतिखटाचा भात खायचा आणि खाटेवर पडून राहायचं. तुझी सून म्हणाली, "तुमी त रोजच मरून राह्यले! जेवाच्या टायमाले मात्र बराबर उठता."

पुन्हा आम्ही चिमूरहून बसनं गेलो. या वेळी बाई म्हणाल्या, "बाबाजी, तोंड उघडा."

"आग पोटात हाय न बाई, तोंड काऊन पाहून राह्यल्या?"

त्यांनी हिरडी जराशी दाबली तर रक्त आलं. म्हणाल्या, पोटातले हे जंतू दातांच्या किटणातही सापडतात. गोळ्यांनी पोट साफ झालं तरी तिथे उरू शकतात. तुमचंही तसंच झालं असं नक्की सांगता येत नाही, पण दोन्ही साफ करू. मग विचारलं, "इथं घासत नाही का?"

आणि मला तू दिसतेस. मी लहान आहे, राखेनं दात घासतोय, थुंकी लाल दिसते म्हणून रडत चुलीपाशी येतो. तू माझा ओठ वर करून पाहतेस. "रक्त येते तिथी बोट नको लावू रे. जखम हाय ते, आपोआप भरते." पुढे तिथे ठणकलं की मी तंबाखूची भाजकी पूड दाबायचो, पण घासलं कधीच नाही.

बाईंना हे सांगितलं तर त्या हसतच सुटल्या. तुझी सून म्हणाली, "माह्यं एक आयकत नाई, मायचं मात्र आतापर्यंत!"

दातांच्या डॉक्टरनं किटण खरवडून काढलं, तंबाखू सोडायला लावली. गोळ्या पुन्हा घेतल्या. मग तपासलं तर जंतू नाहीत. मोठा आजार तर कधी नव्हताच. तुझ्यावर राग नाही गं. तुला तरी कोणी सांगितलं होतं?

परवा धाकट्या बहिणीकडे जेवायला गेलो. तिनं झिंग्यांचा लालभडक रस्सा केला होता. पहिला घास गिळून मी आगीची वाट पाहत बसलो. आली नाही.

"भाऊ, टाकू का अजून?"

"इचारून नको राहू, टाक!"

नाक वाहत होतं, डोळ्यांतून पाणी, आणि मी वाटी पुढे करतच होतो. घरी येऊन हे लिहायला बसलो. पाठवायचं तरी कुठे? जेवताना तुझ्या हातची चव आठवली, असं लिहिणार होतो. पण खरं सांगतो माय, जेवताना तुझी आठवण आलीच नाही. ताट चाटून झाल्यावर आली.