दादाला एकही लेन्स न देण्याबाबत

दिनांक नऊ फेब्रुवारी

दादा, दीड वर्ष तुझा फोन उचलला नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. बोलायचं बरंच साचलं होतं. ते आता मृत्युपत्रातच लिहिते, कारण इथे तुला मध्येच तोडता येत नाही. इथून पुढे तुझ्याबद्दल तिऱ्हाईतासारखं लिहीन.

मी, वय सेहेचाळीस, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला, एकटी राहणारी. परवा माझं ऑपरेशन आहे. डोकं ठिकाणावर असताना, कुणीही न शिकवता, न धमकावता हे लिहून ठेवते. लिहिलं नाही तर सगळं दादाकडे जाईल, आणि नेमकं तेच मला नको आहे.

१. माझी दोन खोल्यांची जागा दादाला. ती घेताना बाबांनी हातभार लावला होता, म्हणून न्यायाने त्याला. आवडतो म्हणून दिली, असा अर्थ त्याने काढू नये.

२. बँकेतली शिल्लक, दवाखान्याचं बिल भागवून, वहिनीला, म्हणजे दादाच्या बायकोला. तिच्या एकटीच्या खात्यात.

३. लेन्स. बाबांचा फोटो स्टुडिओ बंद झाला तेव्हा दादाने रोलचे कॅमेरे भंगारात घातले आणि लेन्सेस माझ्यापुढे सारल्या. "घे, कागदांवर ठेवायला होतील." मी एक छोटा मिररलेस कॅमेरा घेतला आणि जुनी लेन्स त्यावर बसावी म्हणून मध्ये लावायची धातूची कडी, म्हणजे अडॅप्टर, आणला. बाबांच्या काचेतून पुन्हा माणसं दिसायला लागली. कडांना मऊ, डोळ्यांत लखलखीत. ते फोटो पाहिल्यावर दादाला आठवलं की बाबा दोघांचे होते.

त्याने पंचाऐंशी मिलिमीटरची लेन्स अडॅप्टरसकट मागून नेली. बाबांनी आईचा एकमेव हसरा फोटो काढला तो हिच्यातून. त्याच्या नव्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर आलं, 'लेन्स जोडलेली नाही'. असं येतंच. जुनी लेन्स कॅमेऱ्याशी बोलत नाही. मेनूत जाऊन 'लेन्सशिवाय शटर' चालू केलं की झालं. एक फोन पुरला असता. त्याने पेचकस घेतला.

आठवड्याने अडॅप्टर धड परत आला, लेन्स प्लास्टिकच्या पिशवीत सुटी होऊन.

"आतली वायर तुटली असणार," तो म्हणाला. "उघडून बघितलं, सापडली नाही."

"आत वायर नसतेच, दादा."

"मग चालणार कशी? मेलेलीच होती ती. उगाच माझ्यावर ढकलू नकोस."

मधल्या काचेवर पेचकसाचा ओरखडा आहे, या कडेपासून त्या कडेपर्यंत. ती पिशवी दादाला.

उरलेल्या लेन्सेस, अडॅप्टर आणि कॅमेरा वहिनीला. तिने एकदा गॅलरीत बसून पस्तीसची लेन्स हाताळली होती. समोर वाळत घातलेल्या चादरीचा धागा दिसेपर्यंत ती फोकसचं कडं सावकाश फिरवत राहिली. दादा आतून ओरडला, "अगं, ऑटोवर टाक ना."

"ऑटो नाहीये याला," ती म्हणाली. "म्हणून तर बरं वाटतंय."

४. वरचं कलम मी पुन्हापुन्हा खोडलं. माझं भांडण मी वहिनीच्या कपाटात ठेवून जातेय का? मी गेल्यावर टोमणे तिलाच खावे लागतील. म्हणून काल तिलाच विचारलं.

"द्या हो वन्सं," ती म्हणाली. "ह्यांच्याशी भांडायला मला कारण कुठे लागतं? निदान आता हातात वस्तू तरी असेल."

साक्षीदार म्हणून सही करायलाही ती निघाली होती. जिला मिळणार तिने सही करायची नसते, म्हणून थांबवलं.

५. दादाने या लेन्सेस उसन्याही मागू नयेत. मागितल्यास वहिनीने नाही म्हणावं. कारण सांगायची गरज नाही.

वाचून, समजून, दोघा साक्षीदारांदेखत सही केली. त्यांनी माझ्यादेखत केली.

सही: लिहून ठेवणारी, दादाची धाकटी बहीण

साक्षीदार: १. खालच्या दुकानातले चष्मेवाले २. शेजारच्या निवृत्त शिक्षिका

ठिकाण: राहतं घर, जेवणाचं टेबल. तारीख वरचीच.

सह्या झाल्यावर चहा घेताना चष्मेवाले म्हणाले, "हे लागू व्हायचं तर तुम्हाला मरावं लागणार, ताई. तोवर वहिनींनी काय करायचं?"

त्यांचं बरोबर आहे.

उद्या: लेन्सेस स्वतः नेऊन वहिनीच्या हातात देणे. दादा घरी असताना.