नावं नसलेली यादी

ट्रुगानिना, मेलबर्न
१७ ऑगस्ट २०२५

चि. अनुष्कास अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक. डार्विनला उकाड्याने हैराण असशील असं लिहिणार होतो, पण तुझी आई म्हणाली, सध्या तिकडे हवा छान असते. आठवड्यात ती माझ्याशी तेवढंच बोलली. सुखदामावशीच्या हॉस्पिटलच्या शिफ्ट सांभाळून तुझं जेवणखाण होतंय ना?

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुमच्या युनिची लॅक्रॉस टीम शनिवारी हरली. तुझ्या जागी गोलवर उभी केलेली मुलगी बॉल आला की बाजूला व्हायची. यादीत आता सतराच्या जागी चौदाच मुली आहेत. यादी वेळेत गेली म्हणून युनिची ग्रँट मात्र मिळाली आणि क्लबचा खजिनदार म्हणून मला शाबासकीही.

दोन विषय गेले की टीममधून काढायचं, हा नियम युनिचा. पण वशिल्याने कुणी राहू नये म्हणून नावं नकोत, नुसते स्टुडंट नंबर आणि पास-नापास द्या, हे डोकं माझं. आपल्या मंडळाच्या नाटकात भूमिका कशा वाटल्या जातात ते मी वीस वर्षं बघतोय. तीन नंबर गाळले. त्यात तुझा होता. तुझी फी भरताना दर वेळी तो टाइप केलाय, तरी ओळखला नाही.

यादी लागली आणि तू बॅग भरलीस. निघताना विचारलंस, "बाबा, यू रिअली डिडन्ट नो?" मी नाही म्हणालो.

तू नापास झालीस याचा राग धरू, सांगितलं नाहीस याचा, की मला कळलं नाही याचा, काही समजत नाही. रोज मी विचारायचो, अभ्यास झाला का. तू "ऑल गुड" म्हणायचीस. त्यावर मी दोन वर्षं खूश होतो. तू गेलीस त्या दिवशी आई म्हणाली, तू बाथरूममध्ये नळ सोडून रडायचीस. मी पाणी वाया जातं म्हणून ओरडायचो.

आता टाळत होतो ते लिहितो. यादी पाठवायच्या आधी तुमच्या कोचने, ट्रेसीने, मला पार्किंगमध्ये गाठलं होतं. म्हणाली, "विलास, यातला एक नंबर अनुष्काचा आहे. यादी द्यायला वी हॅव अ वीक, मेट. आधी तिच्याशी बोल."

मी गाडीत बसलो आणि तिथूनच यादी पाठवून दिली. बाकीच्या दोघींच्या आईबापांना काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं. तुला काय तोंड दाखवू, हे सुचलंच नाही.

नाव काढलं ते बरोबर की चूक, मला अजून ठरवता येत नाही. उलटसुलट विचार करून डोकं भणभणतं. पण तुझ्याशी न बोलता काढलं, आणि वर दारात उभं राहून खोटं बोललो. आईलाही हे काल सांगितलं.

तुला परत यायचं नसेल तर येऊ नकोस. मी येऊ का तिकडे? तू हो म्हणालीस तरच तिकीट काढीन.

या वेळी आधी विचारणारा,
तुझा बाबा