डावीकडचा रेडिओ तुझा

मंगळवार, ता. ११, दुपारी, जेवण झाल्यावर

प्रिय ठोंब्यास,

ताईचे आशीर्वाद. तीन वर्षांत या नावानं तुला कोणी हाक मारली नसेल. तुमच्या रेडिओ स्टेशनात सगळे 'सर, सर' करत असतील. करोत बापडे. मी तुझं नाक पुसलंय, माझ्याच्यानं काही तुला सर म्हणवणार नाही.

इकडे सगळं ठीक. आई उत्तम आहे. जेवते, माझ्यावर ओरडते, शेजारणीला माझ्या तक्रारी सांगते. तूही बरा असशील. सकाळी तुझा आवाज कानावर पडतो, त्यावरून सर्दी गेलेली दिसते. लगेच फुगू नकोस. मुद्दाम नाही ऐकत, पडतो कानावर.

फोन का केला नाही, तर फोनवर तू नुसतं 'बोल' म्हणालास तरी माझी जीभ आधी धावते आणि अक्कल मागून लंगडत येते. कागदावर निदान खोडता येतं. हे पत्र कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या हाती देतेय. तो आज भारी खुशीत आहे, म्हणाला, कुठेही पोचवतो. त्याच्या खुशीचं कारण तू आणि मी. ते पुढे येईलच.

आधी कामाचं बोलते, म्हणजे डोकं जरा निवेल.

अरे, तुम्ही लोकांनी चालवलंय काय? आमच्या स्टेशनवर जुनी गाणी, तुमच्या स्टेशनवर उडती, असं बरं चाललं होतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना आम्ही, पोराटोरांना तुम्ही. मग आमच्या साहेबांच्या कानात कोणीतरी फुंकलं की शहरातल्या सगळ्या दुकानांत तुमचंच स्टेशन लागतं. झालं! साहेब म्हणाले, "ताई, उद्यापासून आपणही उडती." मी म्हटलं, "साहेब, उडत्याच्या मागे धावलं की धाप आपल्यालाच लागते." पालथ्या घड्यावर पाणी. आम्ही उडती लावली, आणि त्याच आठवड्यात तू काय केलंस? आम्ही टाकलेली जुनी गाणी उचललीस! माझे ऐकणारे, माणसं जोडावीत तसे मी जोडलेले, तुझ्या दारात जाऊन बसले. त्या टेलरमास्तरांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, "ताई, तुम्ही त्या स्टेशनात कधी गेलात?"

साहेब पुन्हा घाबरले. "ताई, जुनी परत आणा." आणली. तोवर तू अर्धी जुनी, अर्धी नवी करून मोकळा. मग आम्हीही अर्धी-अर्धी. मग तू बोलणं कमी केलंस, गाण्यामागून गाणं. मग आम्हालाही तोंड मिटायला सांगितलं. मी आयुष्यभर गाण्याआधी दोन शब्द बोलत आले, पाहुण्याला आत घेताना 'या' म्हणावं तसे. आता म्हणे 'या' म्हणायलाही वेळ नाही, पाहुणा थेट खुर्चीत.

एक ना धड, भाराभर चिंध्या. तू माझी नक्कल करतोस की मी तुझी, हे आता मलाही सांगता येत नाही.

शेवटी साहेबांनी सल्लागार आणला. तू ओळखतोसच त्याला. कसा, ते सांगते. टाय लावलेला, गोड बोलणारा, हातात सारखं काहीतरी दाबत बसणारा. मला म्हणाला, "मॅडम, लोकांना गाणं नको असतं, ओळखीचं गाणं हवं असतं." मी म्हटलं, "अरे बाबा, ओळख व्हायला आधी कोणीतरी ते एकदा लावावं लागतं ना?" हसला. पैसे घेऊन हसणाऱ्या माणसाशी वाद घालू नये. त्यानं कॉम्प्युटरमध्ये गाण्यांचा क्रम भरून दिला, सकाळचा, दुपारचा, संध्याकाळचा, आणि बजावलं की सोमवारी सकाळी सातला सुरू करा आणि मध्ये अजिबात हात घालू नका.

काल सोमवार.

सातला पहिलं गाणं गेलं. आमचा दाढीवाला इंजिनियर सवयीनं शेजारच्या खोलीत तुमचं स्टेशन ऐकत होता. त्याला वाटलं, आपलंच गाणं फिरून येतंय, यंत्रात घोळ झाला. दुसरं गाणं, दोन्हीकडे तेच. तिसरं, तेच. त्याचा चेहरा पांढरा. धावत आला आणि, तुला खोटं वाटेल, खटकन आमचं प्रक्षेपणच बंद केलं. पुन्हा शेजारच्या खोलीत गेला. तिथे गाणं आपलं मजेत चालू!

"ताई," तो दारात येऊन ओरडला, "बंद केलं तरी वाजतंय!"

मी त्याला म्हटलं, "अरे शहाण्या, ते आपलं नाही, ते माझ्या भावाचं आहे."

तेवढा वेळ आम्ही हवेतून गायब आणि सगळं शहर तुझ्याकडे. त्याबद्दल साहेबांनी मला ऐकवलं, जणू भावाला गाणं मी चोरून दिलं. मग टायवाल्याला फोन झाला आणि कळलं की त्या पठ्ठ्यानं एकच क्रम दोघांना विकलाय. वर म्हणतो कसा, "शहर एक, लोक तेच, तर उत्तरं दोन कशी असतील?" दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, ही म्हण आपण लहानपणी पाठ केली होती. वाटलं नव्हतं की परीक्षा या वयात होईल.

आणि दुरुस्तीवाल्याकडे रांग! लोकांचं म्हणणं, काटा फिरवला तरी गाणं बदलत नाही, रेडिओ बिघडला. त्यानं प्रत्येकाचा रेडिओ उघडला, फुंकर मारली आणि परत दिला. म्हणून खुशीत.

हे झालं कामाचं. आता खरं. इतकी पानं ताकाला जाऊन भांडं लपवतेय.

आईकडे दोन रेडिओ आहेत. तू गेल्यावर तिनं दुसरा आणवला. उजव्या खिडकीत माझा, डाव्या खिडकीत तुझा. कोणी काटा हलवायचा नाही. अर्धा तास मी, अर्धा तास तू. मध्ये उठून एक बंद करायची, दुसरा लावायची. मी एकदा म्हटलं, "माझा जरा जास्त ऐक की." म्हणाली, "दोघांना सारखंच दूध पाजलंय."

हल्ली दोन्ही रेडिओ एकदमच चालू असतात. तुझ्यात झांजा, माझ्यात बासरी, मध्ये जाहिराती. काय ऐकू येत असेल तिला, देव जाणे. शेजारीण सकाळी येऊन दोन्ही लावून जाते, कारण आईला उठून एक बंद करता येत नाही.

ती पडली, ठोंब्या. गेल्या महिन्यात, न्हाणीघराच्या दारात. खुब्याचं हाड. डॉक्टर म्हणतात, जुळेल. चालेल का, विचारलं की भिंतीकडे बघतात. मी त्याच दिवशी तुला कळवणार होते. आईनं माझा हात धरून शपथ घातली. "पडले म्हणून येणार असेल तर नको. यायचं तर आपणहून येईल." तुला ठाऊक आहे, आपण दोघं हट्टी कोणावर गेलोत ते. म्हणून वर 'उत्तम' लिहिलं. बाकी ओरडते, ते खरं आहे.

काल संध्याकाळी मी टायवाल्याला शिव्या घालत घरी आले. आई उशीला टेकून बसली होती. चेहरा असा, की मी पिशवी हातातच धरून उभी राहिले.

म्हणाली, "केलंत ना एकदाचं?"

"काय केलं?"

"मला काय बहिरी समजतेस? सकाळपासून दोघं एकच गाताय. शब्दाला शब्द. तो जरासा मागे राहतो, लहानपणी तुझ्यामागून पाढे म्हणायचा तसा. अबोला मोडायला आधी फोन कोणी केला?"

मी तोंड उघडलं. टायवाला, साहेब, इंजिनियर, सगळं जिभेवर होतं. आणि बाहेर काय पडलं? "त्यानं केला."

"वाटलंच मला," म्हणाली. "धाकटा असला तरी मन मोठं आहे त्याचं."

बघ! आजारपण मी काढतेय, खोटं मी बोलतेय, आणि मन मोठं तुझं! रागानं मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि तोच चहा प्याले.

मग तिनं विचारलं, "येतो म्हणाला का?"

मी म्हटलं, "रविवारी."

आता तूच सांग, मी दुसरं काय म्हणायला हवं होतं?

तीन वर्षांपूर्वी सकाळच्या गाण्यांवरून आमच्या स्टेशनात सगळ्यांसमोर आपलं वाजलं, तू पाठ फिरवून तिकडच्या स्टेशनात गेलास. चूक कोणाची, हे मी आज उकरत नाही. तुझीच होती, पण उकरत नाही.

साहेबांना आजच क्रम बदलायचा होता. मी त्यांना म्हटलं, "आधी बदलेल त्यानं हार मानली असं शहर म्हणेल. रविवारपर्यंत थांबा." ताठ मानेनं थांबलेत. तुमच्या मालकांना तूही हेच सांग. तेवढे दिवस तीच गाणी वाजू देत, आपण दोघं निमूट सोसू. तू मध्येच काही बदललंस तर पहिलं तिला कळेल. आणि तिला समजवायला माझ्याकडे आता खोटंही उरलेलं नाही.

सोमवारपासून पुन्हा खुशाल माझे ऐकणारे पळव. मी तुझे पळवीन.

रविवारी सकाळीच ये. तिच्या पडण्याचं मी काही कळवलेलं नाही, हे लक्षात ठेव. दारातून तिला पलंगावर पाहिलंस की दचकायला विसरू नकोस. तुला नाटक जमत नाही, पण मला वाटतं, ते करावं लागणार नाही.

आत आलास की दोन्ही रेडिओ चालू असतील, मोठ्यानं. बोलणं ऐकू यायचं नाही. माझा मी बंद करीन. डावीकडचा तुझा आहे, त्याला मी हात लावणार नाही. तो तूच बंद कर.

तुझी,
(आईच्या हिशेबी तू जिला फोन केलास ती)
ताई